बँडच्या काचा

त्या सकाळी मी खिडकीशी कामाला बसले तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. वारा पहाटे जरा पडला होता, पण समुद्राचा आवाज काही खाली आला नव्हता. आमच्या घरापासून किनारा चांगला लांब, मध्ये नारळी-पोफळींच्या वाड्या. तरी तो आवाज भिंतीच्या आतून आल्यासारखा येत होता. अंगणभर झावळ्या पडल्या होत्या, पडवीची कौलं सरकली होती. माझे यजमान समुद्रावर होते आणि त्यांच्याबरोबर गावचा अख्खा बँड होता.

हे श्रीवर्धनातलं. जंजिरा संस्थान विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी पालीकडची. लग्न होऊन येईपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. यजमानांनी घराच्या ओसरीत फोटो स्टुडिओ काढला होता. मामंजींची मागे लहानशी वाडी होती आणि फोटोच्या धंद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे स्वयंपाक उरकला की दुपार माझी मोकळी असायची, आणि त्या मोकळ्या दुपारींत यजमानांनी मला काचेवर हात फिरवायला शिकवलं.

तेव्हा आमच्याकडे फोटो फिल्मवर नव्हे, काचेवर निघायचे. निगेटिव्हला आम्ही काचच म्हणायचो. काचेवर माणूस उलटा दिसतो. चेहरा काळा, केस पांढरे, डोळ्यांची बुबुळं दुधासारखी. उतरत्या मेजावर ती काच ठेवायची, खाली आरसा, आरशातून आभाळाचा उजेड काचेत यायचा. मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण भरायचे, सुरकुत्या भरायच्या. जिथे घाम किंवा पितळ फार चकाकत असेल तिथे बारीक चाकूने हलक्या हाताने खरवडायचं. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनने पुसता येते. चाकू चुकला तर काच गेली. माझा हात चुकायचा नाही, एवढं मी सांगू शकते.

बँड होता संस्थानातल्या एका जुन्या वाजंत्र्याचा. त्यांना सगळे मास्तर म्हणत. संस्थानचा बँड मोडला तेव्हा त्यांनी काही वाद्यं आणि जाड लोकरी कापडाचे लाल कोट विकत घेतले आणि गावातलीच माणसं धरून शिकवली. ड्रम वाजवायला एक कोळ्याचा मुलगा होता, सडपातळ, विशीतला. सर्वांत मोठा पितळी बाजा गावच्या सुताराकडे होता, कारण तो फुंकायला तसाच छातीचा माणूस लागे. दिवसभर रंधा मारायचा आणि लग्नसराईत बाजा वाजवायचा.

त्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर मास्तर आमच्याकडे आले आणि यजमानांना म्हणाले, "फोटो काढायचेत. पण ओळीत उभं करून नाही. तसले सगळ्यांकडे असतात. आम्ही वाजवत असताना काढा."

"हलतील," यजमान म्हणाले.

"हलू देत. बघणाऱ्याला आवाज आला पाहिजे."

यजमानांनी त्याच वर्षी हातात धरायचा कॅमेरा मुंबईहून आणला होता. गावातल्याच एका वरातीत, भर उन्हात, ते बँडच्या पुढे उलट्या पावलांनी चालत राहिले आणि त्यांनी फोटो काढले. संध्याकाळी काचा धुऊन वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँड मुरूडकडच्या एका लग्नाला मचव्याने, शिडाच्या मोठ्या होडीने, जाणार होता. लग्नघरच्यांना फोटोही हवे होते, म्हणून हेही निघाले. जाताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत या काचांवरून हात फिरवून ठेव. मास्तर मुंबईला पाठवून जाहिरात छापायचा ठसा करून घेणार आहेत."

"काय काय करायचं?"

"घाम कमी कर. दोघांच्या कोटांना एकेक बटण नाही, ते घाल. मास्तरांनी मुद्दाम सांगितलंय. बाकी तुला दिसेल ते."

लग्न लागून दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत निघणार होते. कार्तिक संपत आलेला, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असायचे दिवस. पण त्या दुपारी दक्षिणेकडून आभाळ भरून आलं, आणि दिवेलागणीला असा वारा सुटला की वाडीतली पोफळ जमिनीला टेकून वर उठताना मी दारातून पाहिली. मामंजी रात्रभर देवघरासमोर बसून होते.

म्हणून सकाळी मी कामाला बसले. मामंजी बंदरावर जाऊन आले आणि म्हणाले, "काही कळत नाही. पोस्टाची तारही तुटलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आज कसलं काम काढलंयस?"

"सांगून गेलेत," मी म्हटलं.

ते पुन्हा बाहेर गेले.

हात रिकामे राहिले असते तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. काचेवर बसलं की नजर एका दाण्याएवढ्या जागेवर ठेवावी लागते, तिथे दुसरं काही मावत नाही. निदान एरवी मावायचं नाही. त्या दिवशी मावत होतं. आभाळ गढूळ असल्याने आरशात उजेड नीट येत नव्हता. मी मास्तरांच्या गालावरचा घाम खरवडला आणि लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला आहे. सुताराच्या कपाळावरचा घाम कमी केला. त्याचे गाल बाजा फुंकताना टम्म फुगलेले, डोळे बारीक झालेले. ड्रमवाल्या मुलाच्या काठ्या हलल्यामुळे त्यांच्या जागी नुसते दोन पंखे उमटले होते. ते मी तसेच ठेवले. मग दोन्ही कोटांची बटणं पेन्सिलीने घातली, एकेक ठिपका भरत, एका बाजूला चमक ठेवून. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. एरवी आठवडाभरात मोडायचं नाही. डोळ्यांपुढे मधूनच सगळं हलायचं, मग मी पापण्या मिटून बसायची, आणि पापण्या मिटल्या की समुद्राचा आवाज वाढायचा. पुन्हा डोळे उघडायची.

एका माणसावरून हात फिरवून झाला की मनात यायचं, हा आता कुठे असेल? असं मनात येऊ नये म्हणून मी पटकन दुसरा चेहरा धरायची. यजमान स्वतः कुठल्याच काचेवर नव्हते. फोटो काढणारा फोटोत नसतो हे तेव्हा पहिल्यांदा मला जाणवलं. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

सकाळ चढल्यावर कोळीवाड्यातले दोन खलाशी दिघीहून चालत आले. त्यांची होडी रात्री खाडीत आसऱ्याला शिरली होती. ते मामंजींना सांगत होते ते मी आतून ऐकलं. "बँडच्या मचव्याचं शीड आमी बघितलं. आमच्या म्होरं होते. आमी खाडीत वललो, ते भायेर ऱ्हायले. मंग अंदार झाला."

त्या बातमीनंतर माणसं आमच्या पडवीत जमू लागली. आमचं घर बंदराच्या वाटेवर, आणि घरचा माणूसही त्याच मचव्यावर. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. ड्रमवाल्या मुलाची आई आली. ती बाजारात मासळी विकायची, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. त्या दिवशी मात्र तोंडातून शब्द नव्हता. मागून सुताराची बायको आली, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. आणखी चार-सहा बायका होत्या, पण मला आठवतात त्या या दोघी, कारण त्या माझ्या दाराला लागून बसल्या होत्या.

मी सगळ्यांना चहा दिला. कोणी प्यायलं, कोणी नाही. मग पुन्हा मेजाशी जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलाची आई उठून माझ्यामागे उभी राहिली.

"बँडचा फोटू यात हाय काय गो?"

"हो."

"माजा पोर कंचा?"

मी काच उचलून उजेडाकडे धरली आणि बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरकली. "गो बाय, तोंड काला कोलसा, केस पांढरं. ह्यो काय माजा पोर!"

"काचेवर उलटं दिसतं. कागदावर छापलं की नीट दिसेल."

"मंग छाप ना."

"छापते," मी म्हटलं. पण मामंजी दारातून म्हणाले, "आज काही छापायचं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माणसं घरी येऊ देत. मग काय ते छाप. आज फोटो बघत बसण्याचा दिवस नाही."

मला राग आला. त्यांचं म्हणणं मला कळत होतं, आणि तेच मनात माझ्याही होतं, म्हणून जास्त राग आला. मी काच मेजावर ठेवली. ती माउली परत दाराशी जाऊन बसली.

दुपार टळायला आली तेव्हा दिवेआगरहून एक वाडीवाला गृहस्थ आला. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काही होतं. त्याने ते मामंजींच्या समोर पडवीत उघडलं. बँडचा लाल कोट. पाण्याने काळपट झालेला, वाळूने जड झालेला, एका बाहीत शेवाळ अडकलेलं.

"पुळणीवर, वाळूत लागला," तो म्हणाला. "दुसरं काही दिसलं नाही. आमची माणसं बघतायत."

मग एकदम सगळ्या बायका कोटाकडे आल्या. कुणी बाही धरली, कुणी गळ्याचा पट्टा बघितला. पण सगळे कोट एकसारखे, संस्थानच्या एकाच थानाचे. कुणाला काही सांगता येईना. कोट ज्याचा त्याला ठरलेला असे, पण मास्तर धुवायला म्हणून सगळे आपल्याच घरी ठेवत, त्यामुळे कोणत्या घरातल्या बाईने आपल्या माणसाचा कोट शिवला किंवा सांधला असं नव्हतं.

मीही पुढे गेले. बटणांची ओळ पाहिली. बटणं सगळी सोडलेली होती, कोट फाटलेला नव्हता. आणि वरून दुसरं बटण नव्हतं. ते रात्री तुटलेलं नव्हे. तिथला दोरा जुना, झिजून गेलेला, कापडावर बटणाचा गोल डागही राहिला नव्हता.

दोन कोटांना बटणं नव्हती, आणि सकाळी दोन्ही मी स्वतः काचेवर घातली होती. एक वरचं होतं आणि एक अगदी खालचं. पण कुणाचं वरचं आणि कुणाचं खालचं? एक ड्रमवाल्या मुलाचं, एक मास्तरांचं. रात्रभराच्या जागरणाने डोकं असं झालं होतं की सकाळी केलेलं काम माझं मलाच आठवेना. माझा हात इतका साफ बसला होता की नुसत्या नजरेला काचेवर आता काहीच कळलं नसतं.

माझ्या चेहऱ्यावरून मामंजींना समजलं. "काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"बटण," मी म्हटलं. "काचेवर बघून सांगता येईल. पण पुसावं लागेल."

मला वाटलं, ते पुन्हा नको म्हणतील. ते म्हणाले, "बघ."

मी आत येऊन बसले. माझ्यामागे दार भरून बायका उभ्या राहिल्या. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि आधी मास्तरांच्या छातीवरून फिरवला. पेन्सिल निघाली. वरची बटणं तशीच राहिली आणि अगदी खालचं गेलं. म्हणजे सापडलेला कोट मुलाचा, हे तेव्हाच ठरलं होतं. तरी मी त्याच्या कोटावरून बोळा फिरवला. भिंग डोळ्याशी धरलं. गळ्याखालचं एक बटण होतं. त्याखालची जागा रिकामी होती.

मी भिंग खाली ठेवायला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"कुनाचा?" त्याच्या आईने विचारलं.

मला वळायचं नव्हतं. पण न वळता सांगणं त्याहून वाईट झालं असतं. मी वळले आणि म्हटलं, "मावशी, तुमच्या मुलाच्या कोटाला ते बटण नाही."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली, काहीतरी सांडलंय आणि ते गोळा करायचंय असं. सुताराच्या बायकोने कडेवरची मुलगी माझ्याकडे दिली आणि मुलाच्या आईला पाठीमागून मिठीत घेतलं. "कोट तेवढा मिळालाय, माणूस न्हाय," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कोट काढून टाकला असंल. पोहणारा पोर हाय तुमचा. व्हय की न्हाय?" मग ती दिवेलागणीपर्यंत तिथून हलली नाही. मुलाच्या आईचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. स्वतःच्या नवऱ्याचं नावही तिने काढलं नाही. मला वाटतं, आपल्या वाट्याचं संकट दुसऱ्याच्या दारात गेलंय असं माणसाला अशा वेळी वाटून जातं. मलाही वाटलं. कोट सापडला तो त्या मुलाचा, म्हणजे बाकीचे असतील, हे असतील, असा हिशेब माझ्याही मनात झाला. तिची मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि मी तिला थोपटत तो हिशेब करत होते.

दिवे लावायच्या वेळेला वाटेवर बैलगाड्यांचा आवाज आला. दोन गाड्या होत्या, दिघीच्या अलीकडल्या गावातून आलेल्या. वाटेत पडलेली झाडं तोडत आल्या होत्या, म्हणून एवढा उशीर. पहिल्या गाडीच्या पुढे कुणीतरी चालत येत होतं. नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी. तो ड्रमवाला मुलगा होता.

त्याची आई धावली. त्याला पोटाशी धरलं आणि मग दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली, मारता मारता आता मात्र गल्लीभर ऐकू जाईल असं रडली. तो तसाच उभा होता. त्याने तिला धरलं नाही. तो तिच्या खांद्यावरून आमच्या पडवीकडे बघत होता.

दुसऱ्या गाडीतून यजमान उतरले. कपाळाला फडकं बांधलेलं, हातात कॅमेरा नाही, काही नाही. मी अंगणात गेले, पण सगळ्यांसमोर जवळ कशी जाणार? त्यांनी माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. गाड्यांतून एकेक माणूस उतरत होता आणि सुताराची बायको पायरीवर उभी राहून प्रत्येकाला बघत होती. शेवटी मास्तर उतरले. ते सरळ तिच्याकडे गेले, आणि एवढा मोठा माणूस, संस्थानिकांपुढे वाजवलेला, तिच्यासमोर अंगणात मातीत बसला.

कसं झालं ते तेव्हा तुकड्यातुकड्यांनी कळलं, नीट मागाहून. सुताराला लग्नघरीच ताप भरला होता. मचव्यात वारा लागल्यावर तो कुडकुडू लागला. मुलगा कोळ्याचा, शीड उतरवायला तांडेलाला, म्हणजे मचवा चालवणाऱ्याला, मदत करू लागला, तेव्हा त्याने आपला कोट काढून सुताराच्या अंगावर, त्याच्या स्वतःच्या कोटावरून, बटणं न लावता, पांघरून घातला. रात्री मचवा खडकाजवळ आडवा झाला आणि लाटेने सुताराला बाहेर ओढलं. बाकीच्यांना तांडेलाने कसंबसं पुळणीला लावलं. ड्रम, बाजे, कॅमेरा, सगळं गेलं. सुतार तिसऱ्या दिवशी खडकांच्या बाजूला सापडला. त्याचा स्वतःचा कोट अंगावर होता.

म्हणजे काचेने मला खोटं सांगितलं नव्हतं. कोट त्या मुलाचाच होता. पण काच वरातीच्या दिवशीची होती आणि कोट वादळाच्या रात्रीचा.

मी पुढे कित्येक आठवडे काचेला हात लावला नाही. यजमान म्हणायचे, तू काय चुकीचं सांगितलंस? काही नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण सुताराची बायको ज्या दुपारी दुसऱ्या बाईला धीर देत होती, ती दुपार तिच्या स्वतःच्या दुःखाची होती, आणि ती माझ्यामुळे तिच्या हातून गेली, एवढं माझ्या मनातून जाईना. तो मुलगाही तसाच झाला होता. समुद्रावर जाईना, काठ्या हातात धरीना. दहाव्यानंतर एकदा तो सुताराच्या घरी गेला. मी तेव्हा तिथे होते, भाकऱ्या घेऊन गेले होते. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "कोट मीच घातला त्यास्नी. भिजून जड झाला असंल. त्यापायी..."

सुताराची बायको चुलीशी होती. ती त्याच्याकडे वळली. मला वाटलं आता काय बोलते, आणि मी भाकऱ्यांचं फडकं घट्ट धरलं.

"तेवा थंडी वाजत व्हती ना त्यांना?" तिने विचारलं.

"व्हय."

"मंग कोट घातल्यावर?"

"जरा थांबली. म्हनले, आता बरं वाटतं."

"मग झालं," ती म्हणाली. "बस. भाकरी खाऊन जा." आणि तो बसला. जेवला. पुढे त्याने बँड धरला की नाही, तर धरला, पण दोन वर्षांनी, आणि मचव्याने जायचं लग्न असलं की तो घरी राही.

तिने त्याला माफ केलं की तिच्या मते माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हे मी तिला कधी विचारलं नाही.

माघात ती आमच्याकडे आली. मास्तरांनी तिला सांगितलं होतं की काचांमध्ये तिचा नवरा आहे. यजमानांनी सगळ्या काचा काढून छापून ठेवल्या होत्या. तिने एकेक फोटो उचलून पाहिला. सगळ्यांत तो बाजा फुंकत होता. सगळ्यांत गाल फुगलेले.

"तोंड मिटल्यालं एक बी न्हाय?"

नव्हतं. वाजवताना काढलेले फोटो ते. मी म्हटलं, "मी कमी करून बघते. गाल बारीक करता येतील." हे काम अवघड होतं, चाकूचं आणि पेन्सिलीचं दोन्ही, आणि त्याचा चेहरा मला नीट आठवतही नव्हता. आधी दुसऱ्या काचेवर नक्कल उतरवून घेतली आणि त्या नकलेवर हात चालवला. ती माझ्या शेजारी बसून सांगायची, इथे हाड वर होतं, इथे खळगा होता. सकाळच्या उजेडात आम्ही दोघी कितीतरी दिवस बसलो. तिच्याशी इतकं बोलणं मी त्याआधी कधी केलं नव्हतं. ती तिच्या माहेराबद्दल बोलायची, भाताच्या शेतीबद्दल, सुताराला गोड फार आवडायचं म्हणून. मी माझ्या पालीबद्दल सांगायची.

शेवटी छापून तिच्यासमोर ठेवला. एक शांत, देखणा माणूस होता, ओठांशी बाजा धरलेला. माझ्या हातचं इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं, नंतरही फार झालं नाही.

तिने तो उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाली, "वयनी, लई छान केलंत. पन असा माणूस आमच्या घरात नव्हता." आणि आधीचा, गाल फुगवलेला, कपाळावर थोडा घाम राहिलेला फोटो तिने उचलला. "घरीबी असंच तोंड फुगवायचा. पोरीला हसवायला. तिला ह्योच दाखवनार."

मी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. ती तो पदराखाली धरून ऊन तापायच्या आत घरी गेली. मी तयार केलेला फोटो मेजावर राहिला होता. मामंजी आत आले, त्यांनी तो उचलून पाहिला आणि विचारलं, "हा कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि ती नकलेची काच पुसायला घेतली.